राहिलेलं वाक्य

माझं माहेर बेळगावचं. बाबा मराठी, आई धारवाडची कानडी. आमच्या घरात भांडण मराठीत व्हायचं आणि लाड कानडीत. प्रार्थना मात्र दोन्ही भाषांत. रात्री जेवायच्या आधी बाबा ‘उपासना संगीता’तलं एखादं गीत काढायचे, दादा पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचा, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. बाबा, दादा आणि मी ती मराठीत म्हणायचो, आई कानडीत. तिच्या तोंडी तिचं नाव ‘कर्तन प्रार्थने’. सुरुवात एकदम व्हायची. मधे कुठं आई पुढं जायची, कुठं आम्ही. ‘आमेन’ला मात्र सगळे एका ठिकाणी येऊन थांबायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

आपल्या भागातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. ज्यांच्या घरी आजी एका भाषेत अंगाई म्हणते आणि आजोबा दुसऱ्या भाषेत पाढे घेतात, त्यांना हे सांगायला नको. बेळगावात लंडन मिशनचे लोक 1820 साली आले, आणि 1904 साली ते काम मेथडिस्टांकडे आलं. तेव्हापासून कितीतरी घरांत मराठी नि कानडी पवित्र शास्त्रं एकाच फळीवर शेजारी शेजारी राहिली आहेत. आमच्याही घरात होती. बाबांच्या प्रतीला काळं कापड, आईच्या प्रतीला जुन्या इरकली साडीचा तुकडा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे खानवेल.

2008 सालच्या जूनमध्ये आम्ही दादरा नगर हवेलीत राहायला आलो. यांना सिल्वासाच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि मला खानवेल भागातल्या शाळेत मराठी शिकवायचं काम मिळालं. खानवेल सिल्वासापासून वीस किलोमीटरांवर. डोंगर, साग, आणि गावाजवळून वाहणारी साकरतोड नदी. पोर्तुगीजांच्या ताब्यातून हा मुलूख 1954 च्या ऑगस्टमध्ये मोकळा झाला. 2020 च्या जानेवारीपासून तो दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश आहे. बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी, शाळेत मराठी, आणि पोरांच्या तोंडी वारली. दोन भाषांत वाढलेल्या मला आणखी दोन भाषांची भीती वाटली नाही. भीती वेगळीच होती, आणि ती मला फार उशिरा कळली.

माझी प्रार्थना सुटली.

कुणाला वाटेल, श्रद्धेला तडा गेला असेल, मनात मोठ्या शंका आल्या असतील. तसं काहीच नव्हतं. देव आहे की नाही हा प्रश्न मला पडला नाही, कारण तो पडायलाही थोडी सवड लागते. यांची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. मुलगा चार वर्षांचा. पाऊस लागला की चार-चार दिवस कपडे वाळत नसत, वीज जायची. आधी रविवार गेला. सिल्वासात पोर्तुगीज काळातलं कॅथलिक चर्च आहे. आम्ही मेथडिस्ट. सुरुवातीला दोन-तीनदा गेलो, मागच्या बाकावर बसलो. लोक प्रेमाने बोलले, पण केव्हा उठायचं, केव्हा गुडघे टेकायचे, हे शेजारच्याकडे बघून ठरवावं लागायचं. मग एका रविवारी पाऊस होता, दुसऱ्या रविवारी मुलाला ताप, आणि तिसऱ्या रविवारी कारणही लागलं नाही. रविवारपाठोपाठ रात्रीची उपासना गेली, कारण रात्री आम्ही तिघं एका वेळी घरात नसायचोच. शेवटी जेवणाआधीचे आभारही गेले. पोळी तव्यावर, पोर रडतंय, डोळे मिटायचे कुणी?

बेळगावात असताना मला वाटायचं, मी प्रार्थना करते. खानवेलला आल्यावर कळलं की बेळगावात प्रार्थनाच मला उचलून नेत होती. घंटा वाजायची, शेजारच्या काकू साडी नेसून हाका मारायच्या, बाबा घसा खाकरायचे, नि मी आपोआप त्यात असायची. 2011 च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीत ख्रिस्ती माणसं शंभरांत जेमतेम दीड. इथं घसा खाकरणारं कुणी नव्हतं. जी गोष्ट आजवर लोकांच्या खांद्यावरून चालली होती, ती आता स्वतःच्या पायांनी चालवायची होती, आणि पायांना तर सवयच नव्हती.

मला पहिला धक्का दिला तो आमच्या शेजारणीने. वारली समाजातली साठीची बाई. मी तिला मावशी म्हणायची. पहिल्या मोठ्या पावसानंतर रानात कोवळी भाजी उगवते. शाळेतून येताना बाजारात ती दिसली म्हणून मी दोन जुड्या घेतल्या, आणि एक कौतुकाने मावशीला द्यायला गेले. तिने ती घेतली नाही. घरातली रीत व्हायची होती. आधी देवाला दाखवायचं, मग माणसांनी खायचं. नव्या भाताचंही तसंच. कणसरी ही त्यांची धान्याची माय. तिला दिल्याशिवाय नवा दाणा तोंडात घालायचा नाही. मी गमतीने म्हटलं, “मावशी, एक दिवस आधी खाल्ली तर काय होईल?” ती हसली. काही होणार नाही, म्हणाली, पण मग ती नुसती भाजी होईल.

मी घरी आले. ती भाजी चिरली, फोडणीला टाकली. ताटात वाढली तेव्हा हात थांबला. तिची नि माझी श्रद्धा वेगळी, रीत वेगळी, आणि मी काही तिच्या देवाला नमस्कार केला नाही. पण जे मला लहानपणापासून शिकवलं होतं ते ती करत होती आणि मी करत नव्हते, हे खरं होतं. माझ्या ताटातली भाजी त्या दिवशी नुसती भाजी होती.

त्या रात्री मी मुलाचे हात जोडून घेतले आणि दोन वाक्यांत आभार मानले. तो म्हणाला, “आई, हे काय?” चार वर्षांच्या ख्रिस्ती पोराने विचारलेला हा प्रश्न मला अजून टोचतो.

मग मी आईला फोन केला. बाबा 2006 मध्ये गेले होते. आई दादा-वहिनीबरोबर बेळगावच्या घरात राहत होती. मी तिला काही कबूल केलं नाही, एवढंच म्हटलं, “आई, रात्री नऊला मी फोन करत जाईन. आपण प्रार्थना म्हणू.” आई म्हणाली, “होय की. पण आधी सांग, ऊटा आतेनु?” जेवलीस का, हे विचारल्याशिवाय तिची कुठलीच गोष्ट सुरू होत नसे, प्रार्थनासुद्धा.

असा तो नऊचा फोन सुरू झाला. फार तर सात-आठ मिनिटं. ती एखादं स्तोत्र वाचायची, मी शाळेतल्या एखाद्या पोराचं नाव सांगायची, ती तिच्या शेजारणीच्या गुडघ्यांचं. मग प्रभूची प्रार्थना, ती कानडीत, मी मराठीत. खानवेलच्या पावसात रेंज गेली की मी ओट्याजवळच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. मुलगाही हळूहळू येऊन उभा राहू लागला. दोन महिन्यांत त्याला मराठी प्रार्थना पाठ झाली, आणि आजीची निम्मी कानडीही.

रोज दोन भाषा कानावर पडल्या की एक गंमत होते. पाठ झालेले शब्द पुन्हा ऐकू येऊ लागतात. मराठी प्रार्थनेत आपण रोजची ‘भाकर’ मागतो. कानडीत त्या जागी ‘आहार’ आहे. एवढी वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खानवेलला ते आलं, कारण वर्गातली निम्मी पोरं नागलीची भाकर खाऊन यायची आणि काही ती न खाता यायची. भाकर म्हटलं की ती थापणारे हात दिसतात, चूल दिसते. आहार म्हटलं की आजारी माणसाची पेज, बाळाचं दूध, सगळंच त्यात येतं. आईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, “देवाला दोन्ही कळतं. तू कुणाला वाढतेस ते बघ.” दुसऱ्या दिवसापासून मी डब्यात दोन भाकऱ्या जास्त नेऊ लागले. माझ्या लेखी ती प्रार्थना तिथं पहिल्यांदा स्वयंपाकघरात आली.

आपल्या मुलखात हे दोन भाषांतलं येणं-जाणं जुनं आहे. मराठीतल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांतले बाबा पदमनजी 1831 साली बेळगावात जन्मले. पंडिता रमाबाई 1858 साली कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात जन्मल्या. आईवडलांसोबत देशभर तीर्थयात्रा करत वाढल्या, आणि त्यांना मराठीबरोबर कानडीही येत होती. मला रमाबाईंबद्दल सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? केडगावच्या मुक्तीत दुष्काळातून आणलेल्या हजाराहून अधिक बायका-मुलींचं खाणंपिणं, आजारपण, शाळा, छापखाना हे सगळं चालू असताना त्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. मुक्तीतल्या मुलीच त्याचे खिळे जुळवत होत्या. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा ते भाषांतर पुरं झालेलं होतं. आपण म्हणतो, कामातून वेळ मिळाला की प्रार्थना करू. त्या बाईने दोन्ही वेगळं ठेवलंच नव्हतं.

इथवर सगळं गोड झालं. आता जे सांगायचं आहे ते तितकं गोड नाही.

2011 मध्ये घराच्या वाटणीचा विषय निघाला. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो. त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलीला सारखं. हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “तू तिकडे राहून कायदा वाचतेस, इकडे छप्पर मी शाकारतो.” मी काहीतरी बोलले, त्याने त्याहून जास्त काहीतरी बोललं. दोघांनीही बाबांचं नाव घेतलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. नऊच्या फोनला आधी तो उचलून ‘थांब, आईला देतो’ म्हणायचा. आता फोन नुसता आईच्या हातात जायचा.

मी प्रार्थना सोडली नाही. सोडली असती तर कदाचित लवकर शहाणी झाले असते. मी रोज नऊला खिडकीशी उभी राहत होते, पोरांची नावं घेत होते, आभार मानत होते. फक्त एका ठिकाणी गप्प बसत होते.

प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची मागणी आहे. कानडीत तिथं ‘तप्पु’ हा शब्द येतो, म्हणजे चूक. पण आपल्या मराठीत मत्तयाच्या शुभवर्तमानात शब्द आहे ‘ऋण’. ज्यांच्याकडे आपलं येणं आहे त्यांना आपण सोडलं, तसं आपलंही सुटावं, अशी ती मागणी. चूक माफ करायला मी तयार होते. दादा तापट आहे, बोलून जातो, ठीक आहे. पण ऋण? त्याच्याकडे माझं येणं होतं, खरंखुरं, कायद्याने. ते वाक्य तोंडातून काढलं तर मी खोटं बोलणार, म्हणून मी ते काढत नव्हते. आई कानडीत तिची ओळ म्हणायची आणि तेवढा वेळ मी पावसाचा आवाज ऐकायची. आईला कळणार नाही अशी माझी खात्री होती. दोन भाषांच्या गलबल्यात एक वाक्य राहिलं तर कोण मोजतं?

2012 च्या पावसाळ्यात आईच्या आठवणीत गळती सुरू झाली होती. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडायच्या. माझ्या मुलाला ती दादाच्या मुलाच्या नावाने हाक मारायची. एका रात्री प्रार्थना चालू असताना ती मधेच थांबली.

“मर्तियेनु?” तिने विचारलं. विसरलीस काय?

“काय, आई?”

“ते वाक्य. तू म्हणत नाहीस.”

मी म्हटलं, “रेंज गेली असेल.”

“बरं,” ती म्हणाली, “परत म्हणू.” आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. त्या ओळीपाशी आल्यावर ती माझ्यासाठी थांबली. बेळगाव ते खानवेल, मधे सगळा सह्याद्री, आणि एक म्हातारी बाई फोन कानाला लावून माझ्या एका वाक्यासाठी थांबलेली. मी ते पुटपुटले. मनापासून नाही. तिला बरं वाटावं म्हणून.

त्या रात्री मुलगा झोपल्यावर मत्तयाचा सहावा अध्याय काढला. नववी ते तेरावी ओवी म्हणजे आपली प्रार्थना. ती शेकडो वेळा वाचलेली. पण पुढच्या दोन ओव्या मी कधी नीट पाहिल्या नव्हत्या. एवढी मोठी प्रार्थना शिकवून झाल्यावर प्रभू येशू त्यातल्या एकाच मागणीकडे परत येतो. भाकरीकडे नाही, राज्याकडे नाही. क्षमेकडे. तुम्ही सोडलं नाहीत तर तुमचंही सुटणार नाही, असं स्पष्ट बजावतो. त्याला ठाऊक असणार, लोक नेमकं हेच वाक्य गाळतील.

लगेच काही उजाडलं नाही. वाचकहो, असे लेख वाचताना मला नेहमी वाटतं, या लोकांना एका रात्रीत कसं जमतं? मला दीड वर्ष लागलं. रोज ते वाक्य म्हणायची, आणि रोज ते जिभेला खड्यासारखं लागायचं. पण गाळत नव्हते, एवढंच.

2013 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बेळगावला गेलो. आईने मला ओळखलं, पण नाव तिला आठवलं नाही. रात्री नऊ वाजले. मी तिच्याजवळ बसलेले, आणि तरी ती सारखी दाराकडे बघत होती. तेवढ्यात दादा आला, हात पुसत. मला बघून बिचकला. मग काहीसा ओशाळून म्हणाला, “तिला फोनची वाट बघायची सवय आहे. मी धरतो तिच्या कानाला. आता तिच्या हातात राहत नाही तो.”

मी विचारलं, “कधीपासून?”

“वर्ष होऊन गेलं.”

म्हणजे एक वर्षभर, रोज रात्री, माझ्याशी न बोलणारा माझा भाऊ आमच्या प्रार्थनेत उभा होता. आठ मिनिटं हात वर धरून. माझं पुटपुटणं त्याने ऐकलं होतं, आणि ते न म्हणण्याचे दिवसही बहुधा ऐकले होते.

त्या आठ दिवसांत मी बाकीचंही पाहिलं. आईला अंघोळ वहिनी घालायची. रात्री आई दोन-तीनदा उठून बाहेर जायला निघायची, म्हणून दादा दाराशी सतरंजी टाकून झोपायचा. औषधांच्या वेळा एका कॅलेंडरवर लिहिलेल्या होत्या, दादाच्या गिचमिड अक्षरात. मी दोन वर्षं हिशेब करत होते की त्याच्याकडे माझं किती येणं आहे. माझ्याकडे त्याचं किती, हे त्या हिशेबात धरलंच नव्हतं. मराठीतल्या त्या ‘ऋण’ शब्दाला दोन टोकं आहेत. मी एकाच टोकाला उभी होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी वहिनीच्या पाया पडले. ती रडली, मीही. दादाला मात्र नुसतं म्हटलं, “दादा, छपराचा खर्च सांग.” तो म्हणाला, “बघू.” आमच्या घरात याला समेट म्हणतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, विशेषतः बहिणींना. मी माझा हिस्सा सोडून दिला नाही. क्षमा म्हणजे हक्कसोडपत्रावर सही, असं कुणी शास्त्राच्या नावाने सांगत असेल तर ते ऐकू नका. कायद्याने दिलेलं मागायला लाज नाही. 2014 मध्ये आम्ही दोघं वकिलांसमोर बसलो, आईच्या देखभालीचा आणि घराच्या दुरुस्तीचा खर्च आधी धरला, आणि मग वाटणी केली. कागद तोच झाला असता, पण तो आम्ही एकमेकांच्या शेजारी बसून केला. आधी तो समोरासमोर बसून होणार होता.

आई 2016 च्या फेब्रुवारीत गेली. शेवटच्या वर्षात तिची मराठी पुसून गेली होती. बाबांबरोबर चाळीस वर्षं बोललेली भाषा गेली, आमची नावं गेली. राहिली ती धारवाडची कानडी, आणि त्यातही ‘कर्तन प्रार्थने’. बाकी एक वाक्य धड लागत नसताना ती प्रार्थना मात्र तिच्या तोंडून अखंड यायची. मी त्यावर खूप विचार केला आहे. कुणी त्याला चमत्कार म्हणेल. मला वाटतं, लहानपणापासून तिने रोज एकेक थेंब टाकून ते भांडं भरलं होतं, आणि वरचं सगळं सांडलं तरी तळाशी ते होतं. आपलं म्हातारपण कसं येईल कुणी सांगावं? पण तळाशी काय असेल ते मात्र आज, या घाईच्या संध्याकाळी ठरतं.

मला पुष्कळदा नव्या बदली होऊन आलेल्या, चर्चपासून दूर पडलेल्या घरांतून विचारणा होते. काय करायचं? माझ्याकडे मोठा उपाय नाही. जे जमलं ते सांगते. वेळ मोठी नको, ठरलेली हवी. सात मिनिटं चालतील, पण नऊ म्हणजे नऊ. प्रार्थनेला एखादं काम जोडून ठेवा, डबा भरणं, भाकरी थापणं, बसची वाट बघणं, म्हणजे काम आठवण करून देतं. एकट्याने होत नसेल तर फोनवर एक माणूस धरा, आई असो वा मैत्रीण, जो तुमचं गप्प बसणं ओळखेल. एक छोटी वही ठेवा आणि त्यात फक्त नावं लिहा. नाव लिहिलं की मागणं हवेत राहत नाही, दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं दार ठोठवावंच लागतं. मुलांना घरातल्या दोन्ही भाषांत प्रार्थना शिकवा. एका भाषेत शब्द बोथट झाला तर दुसरीत तो पुन्हा टोचतो. आणि जे वाक्य म्हणवत नाही ते गाळू नका. अडखळत म्हणा. मनापासून नसेल तरी म्हणा. तुमचं बरंचसं काम त्या एका वाक्यातच अडकलेलं असतं.

आम्ही अजून खानवेललाच आहोत. मुलगा शिकायला पुण्याला गेला. मावशी गेल्या वर्षी थकली, तिच्या सुनेने या जूनमध्ये रीत झाल्यावर भाजी आणून दिली. रविवारी जमेल तेव्हा सिल्वासाला जातो. आता केव्हा उठायचं ते ठाऊक झालं आहे. माझ्या फळीवर बाबांची काळ्या कापडाची प्रत आहे. आईची इरकली तुकड्याची प्रत दादाकडे ठेवली. ती वाचायला कानडी त्याला माझ्यापेक्षा बरी येते.

रात्री नऊला फोन वाजतो. आता तो दादा करतो. आमचं फारसं बोलणं होत नाही, पाऊस किती झाला, गुडघे कसे आहेत, एवढंच. मग तो आईसारखंच विचारतो, “ऊटा आतेनु?” मी हो म्हणते, आणि आम्ही सुरुवात करतो. तो कानडीत, मी मराठीत. त्या वाक्यापाशी आलो की दोघंही जरा हळू होतो.